सोळापैकी अकरा

गेर्वाझी गेला त्या मार्चमध्ये जावयाने खोली रंगवली.
कपाट हललं, स्पीकर हलले, परत जागेवर आले,
आणि तेव्हापासून
रेकॉर्डवरची बाई मधोमध उभी राहीना.

बोगुमिला सांगायची, ती खोलीतच आहे, पण कुठे ते कळत नाही.
आधी तिथे असायची, फुलदाणीच्या जरा वर,
तोंडाला तोंड येईल इतक्या उंचीवर.
आता कानांच्या बाहेरून येते, भिंतीतून झिरपल्यासारखी,
आणि चेलोचा तर तळमजलाच गेलाय.

पोझनानच्या डॉक्टरने कानांतला मळ काढला.
फादर म्हणाले, शोक असाच ऐकू येतो.
मुलीने गोळ्या आणल्या. त्या तिने
जिरॅनियमच्या कुंडीत पुरल्या.

तेरा महिन्यांनी त्सेझारी आला,
कारखान्यात गेर्वाझीच्या हाताखाली शिकलेला.
कपाटामागे गुडघ्यांवर बसला, टॉर्च दातांत,
आणि तसाच, टॉर्चसकट, हसला.
डावीकडची लाल काळीच्या जागी, काळी लालच्या.
'एक पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो.
दोघं मिळून एकमेकांचं खाऊन टाकतात.'
दोन वायरी. अर्धं मिनिट.
बाई फुलदाणीच्या वर येऊन उभी राहिली.

इथे रडू यायला हवं होतं बहुतेक.
बोगुमिला म्हणाली, 'आता दोन्हीकडच्या उलट कर.'

त्याने केल्या.
बाई जिथल्या तिथे. चेलो जिथल्या तिथे.
तिने डोळे मिटून एक अख्खी बाजू ऐकली.
काडीचा फरक नाही. त्यालाही नाही.

गेर्वाझीला कळायचा.
म्हणजे, गेर्वाझी तसं म्हणायचा.

एकतीस वर्षं त्याचं काम एवढंच:
पट्ट्यावरून येईल त्या स्पीकरला दीड व्होल्टचा सेल टेकवायचा,
पडदा पुढे आला तर जाऊ दे,
आत गेला तर खडूची फुली.
दिवसाला चारशे.
तो म्हणे, ड्रमचा पहिला ठोका
एक तर तुमच्याकडे येतो, नाही तर तुमच्यापासून जातो,
आणि माणसाला तेवढंही कळत नसेल
तर त्याने लग्न कशाला करावं.

म्हणून एका जानेवारीत त्याने सिगारच्या खोक्यात बटण बसवलं.
तो पाठ करून बसला. ती बटणाशी, वहीशी.
सोळा वेळा.
सोळापैकी अकरा बरोबर.
सोळा आणे खरं म्हणावं तर पाच कमी,
आंधळ्याचा नेम म्हणावा तर तीन जास्त.
ती वही त्याने नाताळात सासऱ्याला दाखवली,
फोरमनला दाखवली, दाताच्या डॉक्टरला दाखवली,
जावयाला तो जावई व्हायच्याही आधी.

'नवव्यानंतर,' बोगुमिला म्हणते,
'माझी बोटं गारठली. कोळसा संपला होता.
मी बटण दाबलंच नाही पुन्हा.
तो म्हणाला येतोय, मी लिहिलं येतोय.
म्हणाला जातोय, लिहिलं जातोय.
मग वाटलं, फारच बरोबर यायला लागलं,
म्हणून दोन चुका घातल्या.'

त्सेझारी बोटांवर मोजतो.
'म्हणजे खऱ्या नऊमध्ये सहा. वाईट नाही.'
'चांगलंही नाही.'
'त्यांना कधी सांगितलंत?'
ती रेकॉर्ड पुसते, मखमलीच्या तुकड्याने, कडेपासून आत.
'कितीदा तरी. एकदाही नाही.'

बाहेर शेजारचा पोरगा सायकलला हवा भरतोय,
पंप पुढे, पंप मागे.

'मग कशा ठेवू? सुलट करू ना?'
ती विचार करते. खूप वेळ करते.
'राहू दे उलटच.
बघू, तक्रार करायला येतो का कुणी.'

त्सेझारीने तीस झ्लॉटी घेतले,
आणि निघताना सेल विसरला, तपासणीचा.
अजून टेबलावरच आहे तो,
मिठाच्या बरणीला टेकून,
अधिकचं टोक तिच्या खुर्चीकडे.